दोरीच्या आतलं भात

माझ्या आईने मला एक गोष्ट शिकवायचा आयुष्यभर प्रयत्न केला, ती म्हणजे एका जागी गप बसणं. तिला ते जमलं नाही. "हिच्या पायाला भिंगरी आहे," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची आणि मी ते कौतुक समजायचे. चाळिशी उलटली तरी भिंगरी थांबलेली नाही. रत्नागिरीत मी गणिताच्या शिकवण्या घेते. मुलं बसून गणितं सोडवतात आणि मी खोलीत येरझाऱ्या घालते. "टीचर, तुम्ही बसा ना, आमचं लक्ष जातं," असं एका मुलीने मला सगळ्यांदेखत सांगितलं होतं. ती मुलगी माझीच. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि जिभेला हाड नव्हतं. आताही नाही.

आमचे रविवार या भिंगरीतूनच सुरू झाले. पाऊस ओसरला की आश्विनात आमच्याकडे उन्हाची काहिली होते, पण रान अजून हिरवं असतं आणि सड्यावर, म्हणजे वरच्या सपाट माळावर, कातळात फुलं असतात. अशा दिवसांत माझा जीव घरात रमत नाही. नवरा बोटीवर, सहा-सहा महिने समुद्रात. मुलगी सुट्टीभर मोबाइलमध्ये. एका रविवारी मी उठले आणि कॉलनीतली चार दारं वाजवली. "चला, सड्यावर जाऊ. पण मूल एकटं पाठवायचं नाही. घरातलं एक मोठं माणूस बरोबर हवंच." ही अट मी का घातली कोण जाणे, बहुधा मला एकटीला पोरं सांभाळायची नव्हती म्हणून. पण त्या अटीनेच रविवार टिकले. पुढच्या वर्षी चाराची वीस-बावीस घरं झाली. आई-बाबा यायचे, आजोबा घडीची खुर्ची काखोटीला मारून यायचे. खाडीच्या चिखलात खेकड्यांची बिळं बघायला आम्ही गेलो, कातळावरची फुलं मोजायला गेलो, ओढ्याचं पाणी येतं कुठून म्हणून ओढ्याच्या उलट चालत गेलो. मला त्यातलं फारसं काही येत नव्हतं. पण पुढे चालायला मला यायचं, आणि लोक मागून येतात हा माझा अनुभव आहे.

त्या वर्षी ठरलं, नव्यासाठी शेतात जायचं. नवं म्हणजे नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण. आंब्याची पानं, कुरडूची फुलं, झेंडू, नाचणीचं एखादं कणीस, आणि मध्ये भाताच्या लोंब्या. नव्याच्या पुनवेला, म्हणजे कोजागरीला, ते दाराला बांधायचं. पुढच्या वर्षीचं नवं येईपर्यंत ते दारावरच राहतं. आमच्या कॉलनीतले लोक ते बाजारात विकत घेतात. मी म्हटलं, यंदा आपल्या हाताने लोंब्या कापायच्या. मिरजोळ्याच्या पुढे, आत एका वाडीत, एक काकी माझ्या ओळखीच्या होत्या. त्यांच्या पुतणीला मी दहावीला शिकवलं होतं. काका मुंबईला नोकरीला, मुलगाही तिकडेच, आणि शेती या एकट्या बघत. त्या लगेच हो म्हणाल्या. "या की. घावणे घालते समद्यांना."

आदल्या आठवड्यात मी स्कूटरवरून जागा बघायला गेले. काकी मला बांधावरून हिंडवत होत्या. आमच्याकडे भाताच्या एकेका तुकड्याला कुणगा म्हणतात. हा कुणगा असा, तो कुणगा तसा, असं त्या काही काही सांगत होत्या. मी मोबाइल वर धरून रेंज शोधत होते, कारण बसवाल्याने अजून होय-नाही कळवलं नव्हतं. बस येणार कुठवर, सावली कुठे, चाळीस माणसं पाणी कुठे पिणार, हे सगळं माझ्या डोक्यात एकाच वेळी फिरत होतं. काकींचे ओठ हलताना मला आजही दिसतात. ऐकू आलं ते एवढंच: "घ्या हवं तितकं."

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. काकी खळ्यात चुलीपाशी घावण्यांच्या मागे लागलेल्या. "तुमी फुडं व्हा, मी हे आटपते," त्या म्हणाल्या. मी चाळीस माणसांची वरात घेऊन बांधावर गेले. समोरचा मोठा कुणगा पिवळा, बुटका, सरळ. आणि त्याच्या पलीकडे, कोपऱ्यात, दोन खाटांएवढा एक तुकडा. त्यातलं भात उंच होतं, वाकलं होतं, आणि प्रत्येक दाण्याला लांब तांबूस कुसळ. वारा आला की सगळा तुकडाच तांबूस हलायचा. चारी कोपऱ्यांना काठ्या रोवून भोवती सुंभाची दोरी बांधलेली, आणि दोरीला आंब्याची पानं खोवलेली.

मला काय वाटलं असेल? काकींनी आमच्यासाठी सजवून ठेवलंय! शहरातल्या कार्यक्रमांना असंच असतं ना, दोरी बांधलेली, पानं लावलेली, या, इथे तुमची जागा. मी भारावूनच गेले. "अगं बाई, किती केलंय काकींनी!" म्हणाले, आणि दोरीची गाठ माझ्या हाताने सोडली. इळा घेतला आणि पहिली मूठ मीच कापली, वर धरून सगळ्यांना दाखवली. "ही बघा किती सुंदर आहे. ही घ्या सगळ्यांनी."

मग काय! वीस-बावीस घरं तुटून पडली. फोटो निघाले. कुणी मोठ्या कुणग्यातल्या चार लोंब्या घेतल्या, पण जीव सगळ्यांचा तांबूस कुसळांवर. अर्ध्या तासात कोपरा भुंडा झाला. आम्ही घावणे खाल्ले, काळ्या वाटाण्यांची उसळ खाल्ली, काकींच्या पाया पडलो आणि बसमध्ये गाणी म्हणत घरी आलो.

संध्याकाळी फोन आला. मुलगी टेबलाशी बसून आमचं तोरण ओवत होती. सगळ्यात जाड तोरण आमचं, कारण पहिली मूठ माझी.

"पोचलात ना समदी?" काकींनी विचारलं. मग जरा थांबल्या. "बाई, दोरीच्या आतलं कुनी कापलंन?"

त्या थांबण्यातच मला काहीतरी कळलं. आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, अशी मी बोलून गेले, "अहो काकी, मुलं ती! त्यांना कुठे कळतंय. माझी जरा पाठ फिरली, तेवढ्यात..."

"असूं दे," काकी म्हणाल्या. "मुलांना नका वरडू." आणि फोन ठेवला.

मुलीने हातातली सुई खाली ठेवली. "आई, तू म्हणालीस ना, ही घ्या सगळ्यांनी?"

"तू गप बस."

ती गप बसली. आत जाऊन दार लावून घेतलं. ते दार तिने आपटलं असतं तर बरं झालं असतं, पण तिने हळू लावलं. राहिलेलं तोरण मीच रागारागाने ओवलं आणि त्याच रात्री दाराला बांधून टाकलं.

त्या "असूं दे"ने माझा जीव खाल्ला. काकी ओरडल्या असत्या तर मीही चार शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. सोमवारी सकाळच्या शिकवण्या रद्द करून मी स्कूटर काढली.

काकी त्या कोपऱ्यातच होत्या. बांधावर उकिडव्या बसून मातीत काहीतरी शोधत होत्या. दोरी मी सोडली तशीच लोळत पडली होती. आम्ही गेल्यावर वरच्या घरातली पाडी सुटली होती आणि उघडं सापडलं म्हणून तिने उरलंसुरलंही चरून टाकलं होतं. काकींच्या तळहातावर सात-आठ दाणे होते, तेही चिखलात तुडवलेले.

"हे माज्या म्हायेरचं भात," त्या म्हणाल्या. रागाचा मागमूस नाही, जसं काही मला हवापाणी सांगतायत. त्यांचं माहेर राजापूरच्या पुढे, नदीकाठी. लग्नात त्यांच्या आईने हे बी त्यांच्या पदराच्या गाठीत बांधून दिलेलं. उंच वाढतं, आडवं पडतं, उतारा कमी, म्हणून बाकी कुणी लावत नाही. यांनी मात्र दरवर्षी हा कोपरा लावला. घरात कुणी आजारलं, कुणी बाळंत झालं, की याचीच पेज. आई गेली. भाऊ मुंबईला. माहेरच्या कुणग्यांत आता गवत आहे. "ह्या वर्साचं बी फुडल्या वर्साला. जुनं बी ऱ्हात नाय. बुदवारी कापनार व्हते. बी धरायला दोरी लावली व्हती." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं व्हतं तुमाला."

सांगितलं असणारच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या क्षणी सांगून टाकायला हवं होतं, मुलांनी नाही, मी. तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. त्याऐवजी मी म्हणाले, "काकी, लोंब्या आमच्या घरी आहेत ना! सगळ्या आहेत. मी गोळा करून आणते."

आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "नको! नव्याला नेलेलं परत मागतात व्हय? दारची लक्षुमी ती. लोकांच्या दारची लक्षुमी उतरवून मी बी पेरू?"

"पण पुनव उद्या आहे. अजून बांधलं नसेल त्यांनी."

त्यांनी तळहातावरच्या दाण्यांचा चिखल अंगठ्याने पुसला. "बांदायच्या आदीचं कुनी आपखुशीनं दिलंन, तर घेईन," शेवटी म्हणाल्या. "मूठभर मिळालं तरी दोन-तीन वर्सांत मी वाडवीन. पन बांदलेलं नको. बांदलेल्याला हात लावायचा नाय."

स्कूटर मी कशी हाणली ते माझं मला माहीत. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी दारातच स्टीलचा डबा घेऊन उभी होते. सगळं सांगितलं. पेज, पदराची गाठ, सगळं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "मी येते. पण तू खरं सांगणार असशील तर."

"काय खरं?"

"आई."

अकरा वर्षांचं पोर. मी चपला घातल्या.

पहिल्या दारात मी म्हणाले, "जरा घोळ झालाय हो लोंब्यांचा." मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मान वर करून, डोळे न मिटता. मी घसा खाकरला. "म्हणजे, घोळ मी केलाय. ते बियाणं होतं आणि मी तुम्हाला कापायला सांगितलं." त्या बाई अगदी हळहळल्या. पण तोरण दारावर चढलं होतं. फोटो चांगला येतो म्हणून रविवारी संध्याकाळीच बांधलेलं, आणि वर सोनेरी रंगाचा फवारा मारलेला. प्रत्येक दाणा सोनेरी. हसावं की रडावं!

दुसऱ्या घरात लोंब्या फ्रिजमध्ये होत्या, कोथिंबिरीशेजारी, ताज्या राहाव्यात म्हणून. मी त्या बाईंना मिठीच मारली. तिसऱ्या घरातल्या लोंब्या सकाळच्या एसटीने पुण्याला नणंदेकडे गेल्या होत्या. चौथ्या घरी पोपट होता. त्याबद्दल जास्त बोलत नाही. पुढची चार घरं बांधून मोकळी. "पुनव कशाला, घरी आणलं की बांधायचं," म्हणे. एरवी बोलावलं तर अर्धा तास उशिरा येणारी माणसं ही! नेमकी आत्ताच यांना घाई सुचली होती. मी जिन्यात उभी राहून त्यांना शिव्या घातल्या. मुलगी म्हणाली, "तुझ्याकडूनच शिकले असतील." मी पुढचा जिना चढले.

वीस दारं झाली. तोरण न बांधलेली चार घरं सापडली. डब्याच्या तळाला दाण्यांचा थर, आणि त्यात निम्मे मोठ्या कुणग्यातले पिवळे. मूठ काय, चिमूटही धड नव्हती. बाकी सगळं भात त्याच कॉलनीत, माझ्या डोळ्यांसमोर, दारोदारी लटकत होतं, आणि हात लावायची सोय नाही.

शेवटचं दार राहिलं होतं ते घडीच्या खुर्चीवाल्या आजोबांचं. तिसरा मजला. एसटीत कंट्रोलर होते, आणि अजून कुणी दोन मिनिटं उशिरा आलं तर घड्याळ बघतात. त्यांचं तोरण दारावर होतं आणि मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "कळलंय मला. खालून सगळ्या बिल्डिंगला कळलंय. सोडणार नाही. बांधलेलं नवं सोडत नाहीत."

"माहितेय हो आजोबा. काकीही तेच म्हणतात. मी मागतच नाहीये." आणि मला रडू फुटलं. लाज वाटली, पण फुटलं. त्यांच्या पायरीवर मी मटकन बसले. "माझ्यामुळे झालं हो. त्या बाईंनी मला सांगितलं होतं आणि मी ऐकलंच नाही. वर मुलांवर ढकललं."

मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली, खांद्याला खांदा लावून. कालपासून पहिल्यांदा.

इतक्यात गॅलरीच्या कठड्यावरून एक चिमणी आली, तोरणाला उलटी लटकली, एक दाणा टिपला आणि गेली. आजोबांनी तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "ही रोज येते," ते म्हणाले. "हिला कोण हाकलतं? नव्यातला दाणा चिमणीचाच. माझी आजी म्हणायची, दाणे चिमणीचे, दाराला काड उरलं तरी नवं ते नवंच. वर्षाच्या शेवटाला बघा, कुणाच्या नव्यात दाणा असतो?" ते आत गेले आणि एक स्टूल घेऊन आले. "सोडायचं नाही. उतरवायचं नाही. चढा वर आणि टिपा."

मी स्टुलावर चढले. तोरण दारावरच. एकेक तांबूस कुसळाचा दाणा चिमटीने ओढून डब्यात. कुसळ बोटांना टोचतं, दाणा कधी उडून जिन्यात जातो, मग मुलगी चार पायांवर त्याच्या मागे. आजोबा खाली खुर्चीत बसून सांगत होते, "तो राहिला. डावीकडे. नाही, तुमच्या डावीकडे." तासभर लागला. इतकं हळू काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी सगळ्या कॉलनीत हेच. मी कुणाला सांगायला गेले नाही, मुलीनेच मुलांना सांगितलं. शाळेला जायच्या आधी पोरं स्टुलांवर, खुर्च्यांवर चढून दाणे टिपत होती, एक तर बाबांच्या खांद्यावर बसून. सोनेरी रंगवाल्या बाई कापसाने एकेक दाणा पुसत होत्या. "असू दे हो, तो नाही उगवायचा," मी म्हटलं. "राहू द्या," त्या म्हणाल्या, "मला पुसू द्या." आमचं दार सगळ्यात शेवटी. सगळ्यात जाड तोरण, सगळ्यात जास्त दाणे. दुपारपर्यंत बावीस घरांपैकी बहुतेक दारांवर नुसतं काड उरलं होतं, आंब्याची पानं आणि झेंडू. पुनवेच्या दिवशी रिकामी नवी. आणि कुणी तक्रार केली नाही. म्हणजे एकाने केली, पण त्याच्या बायकोने त्याला आत बोलावलं.

दुपारी आम्ही दोघी काकींकडे गेलो. त्यांनी डबा उघडला. आधी दाण्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे, संशयाने. "बांदलेलं सोडलात?"

मी चिमणीचं सांगितलं. स्टुलाचं सांगितलं. काकी ऐकत राहिल्या, मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "ही युगत कुनाची?"

"एसटीच्या कंट्रोलरची."

काकी हसल्या. पोट धरून हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी सूप आणलं, दाणे ओतले आणि खळ्यात बसून निवडायला लागल्या. पिवळे इकडे, तांबडे तिकडे. त्यांची बोटं इतकी भरभर चालत होती की मला बघत राहावंसं वाटलं. तांबड्या दाण्यांचा ढीग झाला तो दोन ओंजळींचा. एक ओंजळ म्हणा, नीट मोजली तर.

मुलगी माझ्याकडे बघत होती. आता सुटका नाही.

"काकी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी फोनवर खोटं बोलले. मुलांनी नाही कापलं. दोरी मी सोडली. पहिली मूठ मी कापली."

काकींनी मान वर केली नाही. "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"खुंटांनी. दोरीच्या गाठीपाशी एक मूठ सरळ कापलेली, एका दमात. पोरांच्या हाताला तसं कापनं येत नाय. पोरं ओरबाडतात." त्यांनी सुपातला एक खडा उचलून लांब टाकला. "मोट्या मानसानं कापलं आनि पोरांवर घातलं, हे रैवारीच कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमी बोलाल म्हनून थांबले."

मुलीने पुढे होऊन निवडायला हात लावला. आम्ही तिघी गप बसून निवडत होतो आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं, पण मी उठले नाही.

काकींनी त्या बियाण्याची मुडी बांधली. पेंढ्याच्या काड्या गोल लावून, आत दाणे भरून, वरून आवळून. एरवी मुडी हंड्याएवढी असते. ही नारळाएवढी झाली. ती त्यांनी माळ्याला टांगली.

पुढचे आठ महिने मी त्यांना छळलं. दर पंधरा दिवसांनी फोन. उंदीर लागला नाही ना? दमट झालं नाही ना? फवाऱ्याचे दाणे मिसळले तर नाहीत? शेवटी त्या वैतागल्या. "बी झोपलंय गो बाय माजे. त्याला झोपू दे. आनि तू पन जरा झोप." त्या मला पहिल्यांदा अगं-तुगं म्हणाल्या ते तेव्हा. मिरगाला त्यांनी पेरलं. आठवडाभराने फोन आला आणि त्या एवढंच म्हणाल्या, "वर आलंय." मी शिकवणीच्या मध्येच टाळ्या वाजवल्या आणि पोरांना त्या दिवशी गणित माफ केलं.

पुढच्या आश्विनात काकींनी स्वतःच बोलावलं. "समद्यांना घेऊन ये. पोपटवाल्यांना पन." आम्ही गेलो. कोपरा आधीच्या निम्मा, एका खाटेएवढा. पण तांबूस, उंच, वाकलेला. भोवती सुंभाची दोरी. आंब्याची पानं.

काकींनी माझ्या दंडाला धरून मला दोरीच्या गाठीपाशी उभं केलं. "तू हितं. राखनीला. हलायचं नाय."

सगळी जनता मोठ्या कुणग्यात पांगली. मुलं मातीतले बेडूक दाखवत होती, कुणीतरी पडलं, कुणीतरी माझ्या नावाने हाक मारत होतं, बसवाल्याचा फोन वाजत होता. मी हलले नाही. ऊन डोक्यावर आलं, नाकावर घाम आला. मुलगी दोनदा येऊन बघून गेली, तिचा विश्वास बसत नव्हता. दोन तास मी एका जागी उभी होते. आई असती तर तिला कुणीतरी फोटो पाठवायला हवा होता.

सगळ्यांचं आटपल्यावर काकी आल्या. त्यांनी गाठ सोडली, आत शिरल्या आणि इळ्याने निवडून निवडून थोड्याच लोंब्या कापल्या. बाकीचं बियाण्याला. मग ओच्यात लोंब्या घेऊन त्या लोकांच्या मध्ये गेल्या आणि प्रत्येक घराच्या हातात एकेक दिली. मोठ्या कुणग्यातल्या पिवळ्या लोंब्यांत एकच तांबडी. बावीस घरं, बावीस लोंब्या. कुणी किती दाणे दिले हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण घरं त्यांनी बरोबर मोजली होती. पोपटवाल्यांनाही दिली आणि पुण्याला पाठवलेल्यांनाही.

शेवटची लोंबी घेऊन त्या माझ्यापाशी आल्या. "तुज्या दाराला वर्सभर काडच ऱ्हायलं ना?" असं म्हणून ती माझ्या हातात ठेवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली दाबलं. "बस आता. कवाची उबी हायस."

मी बांधावर बसले, आणि कुणी उठवेपर्यंत उठले नाही.